ब्रेकचा इवलासा स्विच: पाय आपला, निरोप मागच्याला

(हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे अडखळले ते आणि "म्हणजे, ॲक्च्युअली" वगैरे काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

आजची गोष्ट सुरू होते नवले पुलाच्या उतारावर. पुणेकरांना हा उतार माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगते. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की थेट नवले पुलापर्यंत रस्ता उतरत जातो. ट्रक, कंटेनर, एसटी, बाइक, सगळे एकाच घसरणीवर. इथल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री मी आणि बाबा साताऱ्याहून परत येत होतो. गाडी बाबांची, २००७ची, छोटी हॅचबॅक. चालवत होते मी. उतारावर पुढच्या गाड्या थबकल्या, मी ब्रेक दाबला, आणि मागून टायर घासल्याचा असा आवाज आला की बाबांनी डोळेच मिटले. एक टेम्पो आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं, आता शिव्या ऐकाव्या लागणार. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचे मागचे लाल दिवे बोगद्यापासून पेटलेलेच आहेत. तुम्ही ब्रेक मारला हे मला कळणार कसं?"

हँडब्रेक ओढून मी खाली उतरले आणि मागे जाऊन पाहिलं. पेडलवर कुणाचाही पाय नव्हता, तरी ब्रेकचे दिवे लख्ख पेटलेले.

मंडळी, मी बीटेक आहे, पण कॉम्प्युटरची. गाडीच्या बॉनेटखालचं मला फारसं कळत नाही. पण त्या ड्रायव्हरने जे सांगितलं ते मला माझ्या भाषेत लगेच कळलं. कोडमध्ये एखादं व्हेरिएबल कायम 'ट्रू' राहिलं तर ते असून नसल्यासारखंच. सतत पेटलेला ब्रेकलाइट म्हणजे न पेटणारा ब्रेकलाइटच. किंबहुना जास्त वाईट, कारण मागच्याला वाटतं की समोरचा ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवतोय, आणि तो दिव्याकडे लक्ष देणंच सोडतो.

रात्री घरी पोचलो. गाडी बंद केली की दिवेही बंद होतील, असं मी गृहीत धरलं. सकाळी बॅटरी ठार! सेल्फ मारला तर नुसता 'टक्' असा आवाज.

मग मी शोधायला बसले की हा दिवा नेमकं लावतो तरी कोण. उत्तर निघालं, पेडलच्या वर लपलेला, अंगठ्याएवढा एक स्विच. आणि त्या स्विचच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास निघाला. तोच आज सांगणार आहे. शेवटी माझ्या गाडीचं काय झालं तेही सांगते.

स्विच करतो काय?

आधी साधं गणित समजून घेऊ. ब्रेकच्या पेडलला वर एक लोखंडी दांडा असतो. त्या दांड्यासमोर एका पट्टीवर हा स्विच बसवलेला असतो. स्विचच्या तोंडाशी स्प्रिंगवर मागेपुढे होणारा छोटा दट्ट्या असतो. पेडल मोकळं असताना दांडा त्या दट्ट्याला दाबून धरतो आणि आतले पॉइंट एकमेकांपासून दूर राहतात. दिवा बंद. तुम्ही ब्रेक दाबला की दांडा पुढे सरकतो, दट्ट्या बाहेर येतो, पॉइंट जुळतात, दिवा पेटतो.

म्हणजे गंमत बघा. आपल्याला वाटतं, पेडल दाबलं की स्विच दाबला जातो. खरं तर बऱ्याच गाड्यांत पेडल दाबलं की स्विच सुटतो! दिवसभर दाबून धरलेला असतो तो आपण ब्रेक न लावताना. ही उलटी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि बहुतेक गाड्यांत या दिव्याला करंट थेट बॅटरीतून मिळतो, किल्लीचा संबंध नाही. नेहमीच्या बल्बमध्ये ब्रेकसाठीची तार २१ वॅटची असते. दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट. १२ व्होल्टला भागा, साडेतीन अँपिअर. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. दहा तासांत खलास. वर तिसरा दिवा असेल तर त्याच्याही आधी. माझ्या सकाळच्या 'टक्'चं कोडं इथेच सुटलं.

हात बाहेर काढण्याचे दिवस

आता मागे जाऊ. मोटारगाड्या आल्या तेव्हा मागच्याला सांगायचं कसं? हाताने! लर्निंग लायसन्सच्या परीक्षेच्या पुस्तकातली ती चित्रं आठवा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून वेग कमी करायचा असेल तर उजवा हात खिडकीबाहेर, तळवा जमिनीकडे, आणि हात खाली-वर हलवायचा. १९८९च्या आपल्या वाहतूक नियमांतही ही खूण शब्दांत लिहिलेली होती. आपण ती चित्रं पाठ करतो, परीक्षा झाली की विसरतो. पण कितीतरी वर्षं रस्त्यावरची भाषा तीच होती.

तिची अडचण उघड आहे. रात्री हात दिसत नाही, पावसात काच खाली करता येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अचानक थांबायची वेळ येते तेव्हा दोन्ही हात स्टीअरिंगवर हवे असतात. संकटात माणूस आधी पाय मारतो, हात बाहेर काढत नाही. म्हणून निरोप हातातून काढून पायाकडे द्यायला हवा होता.

हा विचार ज्यांना सुचला त्यांच्यात एक नाव फार वेगळं आहे. फ्लॉरेन्स लॉरेन्स. १८८६ मध्ये कॅनडात जन्मलेली, अमेरिकेतल्या मूकपटांची नटी. तिच्या काळात बायोग्राफ कंपनी पडद्यावर नटनट्यांची नावं देत नसे, म्हणून प्रेक्षक तिला 'बायोग्राफ गर्ल' म्हणत. पुढे १९१० मध्ये दुसऱ्या कंपनीने तिचं नाव जाहीर करून गाजवलं, आणि आज अनेक जण तिला पहिली 'मूव्ही स्टार' मानतात.

या बाईला मोटारींचं वेड होतं. स्वतःची गाडी स्वतः चालवायची, दुरुस्तीतही रस. १९१४च्या सुमारास तिने दोन युक्त्या केल्याचं सांगितलं जातं. एक, बटण दाबलं की वळण्याची दिशा दाखवणारा यांत्रिक हात. आणि दुसरी, ब्रेक दाबला की गाडीच्या मागे 'स्टॉप' लिहिलेली पाटी वर येणार. दिवा नाही, पाटी. पण कल्पना तीच: ड्रायव्हरने वेगळं काहीही करायचं नाही, ब्रेक लावला की निरोप आपोआप मागे जायला हवा.

पेटंट मात्र तिने घेतलं नाही. तिची आई शार्लट ब्रिजवुड हिने १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं, त्यातूनही पैसा हाती लागला नाही. फ्लॉरेन्स १९३८ मध्ये गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगड लागायला १९९१ साल उजाडलं. आधी पडद्यावर नाव नाही, मग शोधावर नाव नाही, मग थडग्यावरही नाही.

चांगला ब्रेक मागच्याला धोक्याचा

ब्रेकच्या दिव्याची गरज खरी वाढली ती ब्रेक सुधारले म्हणून. ऐकायला विचित्र वाटेल, पण विचार करा.

सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असत. गाडी हळूहळू थांबायची, त्यामुळे मागच्याला सावरायला वेळ मिळायचा. मग चारही चाकांना ब्रेक असलेल्या गाड्या येऊ लागल्या. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट १९१७ मध्ये घेतलं, आणि १९२१ मध्ये ड्यूसनबर्ग कंपनीच्या गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले. आडनाव ओळखीचं वाटलं का? हो, विमानांचं लॉकहीड. त्याच्या भावाने तो धंदा केला.

आता रस्त्यावर दोन प्रकारच्या गाड्या झाल्या, पटकन थांबणाऱ्या आणि न थांबणाऱ्या. पुढची पटकन थांबली की मागची तिच्यात घुसायची. म्हणून १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये चार ब्रेकवाल्या काही गाड्यांच्या मागे चक्क लाल त्रिकोण लावत. अर्थ एवढाच: बाबा रे, माझ्यापासून लांब राहा, मी झटकन थांबते!

पण त्रिकोण सतत लावलेला असतो. गाडी थांबू शकते हे तो सांगतो, आत्ता थांबतेय हे सांगत नाही. माझ्या पेटलेल्या दिव्यांसारखंच झालं ते. 'आत्ता' सांगायला दिवा हवा, आणि दिव्याला स्विच.

हा स्विच बसवायचा कुठे, यावर वेगवेगळी उत्तरं निघाली. एक उत्तर तुम्ही आत्ता जाऊन बघू शकता. तुमच्या बाइकला मागचा ब्रेक पायाने लागत असेल तर त्या पेडलजवळ वाकून पाहा. बऱ्याच बाइकवर पेडलपासून वर जाणारी एक बारीक स्प्रिंग दिसेल. ती जाऊन एका छोट्या स्विचला अडकलेली असते. पेडल खाली गेलं की स्प्रिंग स्विच ओढते, दिवा पेटतो. साधं, स्वस्त, आणि दिवा उशिरा लागत असेल तर तिथलं नट फिरवून जुळवता येतं.

दुसरं उत्तर होतं तेलाच्या दाबाचं. फोक्सवॅगन बीटलसारख्या अनेक जुन्या गाड्यांत स्विच पेडलपाशी नव्हता, थेट मास्टर सिलिंडरला पिळून बसवलेला होता. ब्रेक ऑइलचा दाब वाढला की आतला पडदा ढकलला जाणार आणि पॉइंट जुळणार. यात अडचण अशी की दिवा पेडल हललं म्हणून पेटत नाही, दाब पुरेसा झाल्यावर पेटतो. स्विच जुना झाला की आणखी जोरात दाबावं लागतं. हलका ब्रेक लावलात तर मागच्याला काहीच कळत नाही. म्हणूनच पुढे बहुतेक कंपन्या पेडलपाशीच्या दट्ट्यावाल्या स्विचकडे वळल्या. पेडल जरा हललं की दिवा.

तिसरा दिवा आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सी

स्विच झाला, दोन दिवे झाले. तरी गाड्या मागून आदळतच होत्या. जॉन व्होव्होड्स्की नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाला प्रश्न पडला, दिवा आहे पण तो नीट वाचला जातोय का?

कारण बघा. मागच्या बाजूला रात्री तसेही दोन लाल दिवे चालू असतात. ब्रेक लावला की तेच लाल दिवे जरा जास्त लाल होतात. मागच्याने 'लाल आहे का' हे नाही, 'आधीपेक्षा जास्त लाल झालं का' हे ओळखायचं!

१९७४ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत प्रयोग केला. ३४३ टॅक्सींना मागच्या काचेच्या खालच्या कडेला, मधोमध, एक जादा दिवा बसवला, जो फक्त ब्रेक लावल्यावरच लागेल. तुलनेसाठी १६० टॅक्सी दिव्याविना ठेवल्या. दहा महिन्यांनी हिशेब केला तर दिवावाल्या टॅक्सींना मागून धडक बसण्याचं प्रमाण ६०.६ टक्क्यांनी कमी निघालं.

अमेरिकन सरकारच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने आणखी चाचण्या करवल्या, आणि १९८६ सालच्या मॉडेलपासून तिथल्या प्रत्येक नव्या कारला हा तिसरा दिवा सक्तीचा झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात प्रामाणिक वाटतो. त्याच संस्थेने १९९८ मध्ये पुन्हा मोजलं. आता रस्त्यावर सगळीकडे तिसरा दिवा होता, लोकांच्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती. फायदा किती उरला? ४.३ टक्के. साठवरून चारवर! तरी संस्थेने म्हटलं की दिवा ठेवण्यासारखाच आहे, कारण सगळ्या गाड्यांना तो बसला की वर्षाला दोन लाखांच्या आसपास धडका त्याने टळतील, आणि दिव्याचा खर्च अगदी किरकोळ.

मला यातून दिसतं ते हे, की निरोप ऐकणारा माणूसच असतो, आणि माणूस सरावतो. म्हणून निरोप जितका स्पष्ट आणि खरा ठेवता येईल तितका ठेवायचा. खोटा पेटलेला दिवा सवय आणखी बिघडवतो.

एक स्विच, ऐकणारे अनेक

आतापर्यंत स्विचचं बोलणं ऐकणारा एकच होता, मागचा ड्रायव्हर. इथून पुढे गाडीच्या आतलेही कान लावून बसले.

पहिला आला क्रूझ कंट्रोल. राल्फ टीटर हा अमेरिकन इंजिनिअर लहानपणीच्या अपघातात आंधळा झालेला. असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा. शेजारी बसून धक्के खाणाऱ्या टीटरला वाटलं, वेग आपोआप स्थिर राहायला हवा. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं, १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ही सोय आली. पण ब्रेक लागला हे या यंत्राला कळायलाच हवं, नाहीतर तुम्ही थांबवताय आणि गाडी पळवतेय! कळवणार कोण? ब्रेकचा स्विच.

मग आलं ऑडीचं प्रकरण. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात ऑडी ५००० या गाडीवर एक भाग दाखवला गेला. ऑटोमॅटिक गाडी 'पार्क'मधून बाहेर काढताच आपोआप सुसाट सुटते, अशा तक्रारी. लोक घाबरले. १९८५ मध्ये अमेरिकेत वर्षाला ७४ हजार गाड्या विकणारी ऑडी १९९१ मध्ये १२ हजारांवर आली. १९८९ मध्ये सरकारी चौकशीचा निष्कर्ष आला: अशा घटनांत बहुतेक वेळा लोकांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता.

उपाय काय निघाला? ब्रेक दाबल्याशिवाय गिअर 'पार्क'मधून हलूच द्यायचा नाही. ऑडीने हे कुलूप गाड्यांना बसवलं, इतरांनीही आणलं, आणि सप्टेंबर २०१० पासून अमेरिकेत नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना ते कायद्यानेच आलं. पाय ब्रेकवर आहे की नाही याची साक्ष पुन्हा त्याच स्विचची.

त्यानंतर यादी वाढतच गेली. इंजिनचा कॉम्प्युटर, गाडी घसरू नये म्हणून सांभाळणारी यंत्रणा, बटण दाबून गाडी सुरू करण्याची सोय. सगळे विचारतात, पाय ब्रेकवर आहे का? आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सगळ्यांचा भरवसा एकाच ठिकाणी, तिथे बिघडलं की सगळीकडे बिघडलं.

याची दोन उदाहरणं सांगते, दोन्ही जाहीर नोंदीतली. २०१३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत मिळून १६ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. कारण ब्रेकचा स्विच. तो बिघडला तर दिवे लागणार नाहीत, क्रूझ कंट्रोल सुटणार नाही, गिअर 'पार्क'मध्येच अडकून बसेल. इतकी लक्षणं, कारण एक.

दुसरं उदाहरण फोर्डचं. तिथे क्रूझ कंट्रोल बंद करणारा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालायचा. त्यातला पातळ पडदा जुना होऊन फाटायचा, तेल विजेच्या भागात शिरायचं, आणि त्याला करंट सतत चालू असल्यामुळे उभी केलेली, इंजिन बंद असलेली गाडीसुद्धा पेटायची. १९९९ ते २००९ या काळात टप्प्याटप्प्याने १ कोटी ४० लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या गेल्या. उपाय म्हणून वायरिंगमध्ये एक फ्यूज असलेला जोड घातला.

म्हणून नंतरच्या गाड्यांत शहाणपणा आला. स्विचमध्ये आता बऱ्याचदा पॉइंटच्या दोन जोड्या असतात. ब्रेक दाबला की एक जुळते, दुसरी सुटते. दोन्ही एकाच वेळी 'जुळलंय' म्हणाल्या, तर कॉम्प्युटर ओळखतो की यातली एक खोटं बोलतेय, आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो. माझ्या २००७च्या गाडीत एवढं काही नाही. तिथे स्विच खोटं बोलला तर सांगायला टेम्पोवालाच हवा.

माझ्या गाडीचं काय झालं

आता दुरुस्ती. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. बल्ब आणि फ्यूज यांच्यावर संशय नव्हताच. ते गेले तर दिवा बंद राहतो, चालू राहत नाही. तुमचा दिवा लागतच नसेल तर मात्र सुरुवात तिथूनच करा: आधी बल्ब, मग फ्यूज, मग स्विच. स्वस्त आणि सोप्यापासून.

नाना पेठेत गेले. दुकानदारकाकांनी गाडीचं मॉडेल विचारलं आणि पाठ न वळवताच ड्रॉवरमधून स्विच काढला. दोनशे रुपयांच्या आत काम झालं. घरी येऊन ड्रायव्हरच्या सीटखाली उलटी आडवी झाले, मोबाइलची टॉर्च दातात धरली, आणि स्विचचा कपलर काढला. लॉक नट सैल केलं, जुना स्विच फिरवून बाहेर. नवा आत, कपलर लावला, बॅटरी जोडली.

दिवे पेटलेलेच!

बाबा बाल्कनीतून म्हणाले, "अगं, झालं का?" मी म्हटलं, "होतंय, होतंय."

डोकं खाजवत बसले होते, तेवढ्यात पायाखालच्या मॅटवर लक्ष गेलं. पिवळट प्लॅस्टिकचे चार-पाच तुकडे पडले होते, बिस्किटाच्या चुऱ्यासारखे. मला आधी वाटलं, खरंच बिस्किटच असेल. पण एक तुकडा गोल होता.

मघाशी मी म्हटलं होतं ना, पेडल मोकळं असताना दांडा दट्ट्याला दाबून धरतो? तर त्या दांड्याला नेमकं दट्ट्यासमोर एक भोक असतं, आणि त्या भोकात प्लॅस्टिकचं किंवा रबराचं एक छोटं बटण बसवलेलं असतं. दट्ट्या टेकतो तो त्या बटणावर. उन्हाने, वर्षांनी ते ठिसूळ होतं आणि एक दिवस चुरा होऊन पडतं. मग दट्ट्या सरळ भोकातून आरपार जातो. स्विचला वाटतं, पाय ब्रेकवर आहे. बिचारा तो खरंच बोलत होता, त्याला मिळालेली माहितीच खोटी होती.

पुन्हा नाना पेठ. काका हसले. "ताई, तुकडे खाली पडले होते का? मग हे आधी सांगायचं ना." बटणाचे घेतले वीस रुपये. टेम्पो आमच्यात घुसला असता तो या वीस रुपयांपायी.

नवा स्विच वाया गेला का? जुना मी स्क्रूड्रायव्हरने उघडून पाहिला. आतले तांब्याचे पॉइंट काळे पडले होते, खड्डे पडले होते. थंड बल्ब पेटताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि प्रत्येक वेळी पॉइंटवर बारीक ठिणगी पडते. वर्षानुवर्षं पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये दिवसाला शेकडो ब्रेक. आणखी काही महिन्यांत त्याने उलटा आजार धरला असता, दिवा लागलाच नसता. तेव्हा बदलला ते बरंच झालं.

शेवटचं काम जुळवण्याचं. स्विच फार आत घेतला तर तो पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही, ब्रेक किंचित लागलेलाच राहतो आणि चाकं तापतात. फार बाहेर ठेवला तर दिवा लागलेलाच राहतो. बटण आणि स्विचचं शरीर यांत साधारण एक मिलिमीटर जागा ठेवली आणि लॉक नट आवळलं. तुमच्या गाडीचं माप मॅन्युअलमध्ये असतं, ते बघा. काही गाड्यांत स्विच पिळायचा नसतो, अर्धवट फिरवून अडकवायचा असतो. आणि हात चालत नसेल तर सरळ मेकॅनिककडे जा. ब्रेकच्या बाबतीत हौस नको.

जाता जाता

मंडळी, गाडीतल्या बहुतेक गोष्टी आपल्यासाठी असतात. एसी, गाणी, हेडलाइटसुद्धा. ब्रेकचा दिवा मात्र आपल्याला कधीच दिसत नाही. तो पूर्णपणे दुसऱ्यासाठी आहे, ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही अशा मागच्या माणसासाठी. आणि तरी त्याने वाचतो आपणच.

म्हणून आज एक करा. रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा: भिंत लाल झाली का? पाय काढा: लाल गेली का? दोन्ही वेळा बघायचं, पेटणं आणि विझणं. भिंत नसेल तर मागे मित्राला मोबाइल देऊन उभं करा. बाइक असेल तर पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा, दोन्हींचे स्विच वेगळे असतात. दहा सेकंदांचं काम आहे. आणि रस्त्यात कुणाचा दिवा बंद किंवा कायम पेटलेला दिसला, तर सिग्नलला काच खाली करून सांगा. त्याला ते स्वतःहून कळणार नाही.

मला त्या टेम्पोवाल्या दादांनी सांगितलं. घाईत मी त्यांचं नावही विचारलं नाही.

आता दर रविवारी रात्री बाबा पार्किंगमध्ये गाडीच्या मागे उभे राहतात आणि ओरडतात, "दाब!" मी दाबते. "सोड!" मी सोडते. "ठीक आहे," म्हणतात आणि जेवायला वर जातात.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा.